कार्ड गेलं की मशीन उभं

कोल्हापूरहून बंगळूरच्या दिशेने निघालं की कागल येण्याआधी लक्ष्मी टेकडी लागते. तिथून आत वळलं की कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत. किर्लोस्करांचा इंजिन कारखाना, कापडाचे मोठे उद्योग, आणि त्यांच्या आजूबाजूला वाहनकंपन्यांसाठी ओतीव भाग कातून-छिद्रून देणाऱ्या छोट्या-मोठ्या शेड. इथे लोखंडाचा भाग मोडला म्हणून कुणी फारसं घाबरत नाही. शाफ्ट तुटला, गिअरचा दात उडाला, बुश झिजलं, तर गोकुळ शिरगावात, शिरोलीत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात तो भाग करून देणारा माणूस सापडतो.

घाबरवतं ते वेगळंच. सीएनसीच्या, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर लाल अक्षरांत अलार्म येतो. ऑपरेटर दोनदा रीसेट दाबून बघतो. मेन्टेनन्सचा माणूस मागचं पॅनेल उघडतो, जळका वास येतोय का ते हुंगतो, आणि सांगतो, ‘कार्ड गेलंय.’ मग मशीन उभं राहतं. किती दिवस, हे कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरचा फोन आल्याशिवाय कळत नाही.

कार्ड म्हणजे तळहातापासून वहीच्या पानाएवढी हिरवी पाटी. तिच्यावर काही चिप, काही कपॅसिटर, थोडे रेझिस्टर, दोन-चार कनेक्टर. मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या सर्व्हो ड्राइव्हचं पूर्ण युनिट बदलायचं म्हटलं तर बिल लाखाच्या वर सहज जातं. त्यातला प्रत्यक्ष मेलेला भाग पुष्कळदा दहा-वीस रुपयांचा मॉस्फेट किंवा कपॅसिटर असतो, फार तर काही हजारांचा आयजीबीटी मॉड्यूल. मधली रक्कम कशाची? कारखानदार चिडून ‘लूट’ म्हणतो, कंपनीचा प्रतिनिधी ‘तंत्रज्ञान’ म्हणतो. दोघांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, पण हिशेब त्याहून गुंतागुंतीचा आहे आणि तो नीट मांडायला हवा, कारण तो पैसा शेवटी कागलच्या शेडमधूनच जातो.

या भागाला परक्या यंत्राची भीती कधीच नव्हती. बाबूराव पेंटर आणि त्यांचे सहकारी विष्णुपंत दामले यांनी १९१८ च्या सुमारास कोल्हापुरात स्वतः सिनेमाचा कॅमेरा तयार केला आणि त्यातून महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. पुढे ऑइल इंजिनांच्या धंद्याने उद्यमनगर उभं केलं, इंजिनांमागून फाउंड्री आल्या. या सगळ्यामागचं कौशल्य एकच: यंत्र खोलायचं, मोजायचं आणि करायचं. लोखंडाचा भाग स्वतःची माहिती लपवत नाही. व्हर्निअर लावला की माप कळतं, कानस मारली की कठीणपणा समजतो, पॅटर्न केला की ओतता येतो. मूळ कंपनीला विचारायची गरज पडत नाही आणि म्हणून तिला मनाला येईल तो भावही लावता येत नाही.

कार्डाचं तसं नाही. पाटी चार, सहा, कधी आठ थरांची असते आणि तांब्याच्या रेषा आतल्या थरांतून गेलेल्या असतात. काही चिपवरचे नंबर कारखान्यातच खरवडलेले असतात. आणि सगळं उलगडून, प्रत्येक भाग ओळखून, तंतोतंत तशीच पाटी कुणी तयार केली तरी ती चालेलच असं नाही, कारण मायक्रोकंट्रोलरच्या पोटातला प्रोग्रॅम वाचता येऊ नये म्हणून त्याला आतून कुलूप घातलेलं असतं. ते कुलूप मोजायला व्हर्निअर नाही.

आता किमतीकडे. पहिली गोष्ट काळाची. फाउंड्रीतलं किंवा मशीनशॉपमधलं यंत्र पंचवीस वर्षं चालतं. कागल-शिरोलीत जपान आणि युरोपातून आणलेली सेकंडहँड यंत्रंही पुष्कळ आहेत. ती इथे येतात तेव्हाच दहा-पंधरा वर्षांची असतात. चिपचं आयुष्य मात्र बाजारात फार कमी. मोबाइल आणि संगणकाच्या मागणीवर चालणारे चिप-कारखाने जुनी चिप काही वर्षांत बंद करतात. यंत्र बनवणाऱ्या कंपनीला तेव्हा ‘शेवटची खरेदी’ करावी लागते: पुढच्या पंधरा वर्षांत किती कार्डं जळतील याचा अंदाज बांधायचा, तेवढ्या चिप एकदम घ्यायच्या आणि कोरड्या हवेत साठवून ठेवायच्या. अंदाज जास्त झाला तर माल फुकट, कमी झाला तर ग्राहकाला ‘हे मॉडेल आता मिळत नाही’ असं सांगायची वेळ. या साठ्याचं व्याज, जागा, विमा, पुन्हापुन्हा करावी लागणारी तपासणी, सगळं त्या एका कार्डावर चढतं.

त्यातच संख्या कमी. मोबाइलची पाटी कोट्यवधींनी निघते, तेव्हा आराखड्याचा खर्च प्रत्येक नगावर पैशांत पडतो. ड्राइव्हची पाटी काही हजार निघते. शंभर नगांसाठी जोडणीची लाइन लावायला जी तयारी करावी लागते तीच लाख नगांसाठी करावी लागते. एवढा भाग खरा आहे आणि तो कंपनीच्या बाजूने मान्य करायला हवा. जपानच्या फानुकसारखी कंपनी ग्राहक जोवर तिची यंत्रणा वापरतो तोवर दुरुस्ती करून देण्याचं धोरण जाहीरपणे सांगते. तीस वर्षांपूर्वीचं कार्ड दुरुस्त करायची तयारी ठेवणं ही स्वस्त गोष्ट नाही. अनेक कंपन्या उत्पादन थांबल्यावर दहा वर्षांनी हात वर करतात.

मग रुपया. १९९५ च्या आसपास डॉलर तीस-पस्तीस रुपयांना मिळत होता, २०२४ साली त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीला. म्हणजे परदेशातली किंमत एका सेंटनेही वाढली नसती तरी कागलमधल्या माणसाला तेच कार्ड अडीच पट महाग पडलं असतं. त्यावर सीमाशुल्क, विमानाचं भाडं, वितरकाचा नफा आणि १८ टक्के जीएसटी. नोंदणीकृत कारखान्याला जीएसटीचा परतावा हिशेबात मिळतो. दूधगंगेच्या काठी मोटारीच्या पॅनेलचं कार्ड बदलणाऱ्या शेतकऱ्याला तो मिळत नाही, त्याला पूर्ण रक्कम खिशातून भरावी लागते.

इथपर्यंतचा खर्च समजण्यासारखा आहे. पुढचा भाग समजून घेतला तरी गिळता येत नाही.

बहुतेक कंपन्या घटक विकत नाहीत, पूर्ण पाटी विकतात. काही पाटीसुद्धा विकत नाहीत, पूर्ण डबा विकतात. पंपाचा वॉशर गेला म्हणून पंपच नवा घ्यायला लावावा, असा हा व्यवहार. जुनं कार्ड परत दिलं तर ‘एक्स्चेंज’मध्ये काही सूट मिळते, ते जुनं कार्ड कंपनीच्या दुरुस्ती-केंद्रात जातं, तिथे तोच स्वस्त घटक बदलला जातो आणि ते पुढच्या ग्राहकाला जातं. म्हणजे घटक-पातळीवरची दुरुस्ती शक्य आहे हे कंपनीला ठाऊक आहे, ती स्वतः रोज ती करते. फक्त तिचा नकाशा, म्हणजे सर्किटचा आराखडा, बाहेर देत नाही.

हाच मुद्दा भारतात एकदा मोठ्या प्रमाणावर तपासला गेला, मोटारगाड्यांच्या बाबतीत. २०११ साली एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की काही कंपन्या सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती स्वतःच्या अधिकृत डीलरांबाहेर जाऊच देत नाहीत. चौकशी वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटारकंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. त्या निकालातला विचार कागलच्या शेडला तंतोतंत लागू पडतो. गाडी घेताना ग्राहकासमोर दहा कंपन्या असतात, तिथे स्पर्धा आहे. गाडी घेतल्यावर मात्र तिच्या सुट्या भागांसाठी त्याच्यापुढे एकच दुकान उरतं. तो बाजार वेगळा मोजायला हवा आणि त्यात कंपनीची मक्तेदारी आहे, असं आयोगाने म्हटलं. पुढे अपिलात तीन कंपन्यांचा दंड कमी झाला, दोष कायम राहिला.

कारखान्यातल्या यंत्रांच्या बाबतीत एवढी मोठी चौकशी झाल्याचं ऐकिवात नाही. तिथे किंमत ठरवणारी खरी गोष्ट पाटीवर नसतेच, ती मशीन उभं राहण्यात असते. समजा एका व्हीएमसीचा, म्हणजे उभ्या मशीनिंग सेंटरचा, ताशी दर ६०० रुपये आहे आणि दोन पाळ्या चालतात. सोळा तासांचे ९,६०० रुपये रोज. कार्ड यायला दहा दिवस लागले तर ९६ हजार गेले. त्याशिवाय वाहनकंपनीचा माल वेळेत गेला नाही तर ऑर्डर दुसरीकडे जायची भीती, बँकेचा हप्ता आणि बसून असलेल्या ऑपरेटरचा पगार. अशा माणसाला लाखाचं कार्ड ‘उद्या मिळेल’ म्हटलं की तो घासाघीस करत नाही. विकणाऱ्याला हे माहीत असतं.

साखर कारखान्यांत हा ताण हंगामाला बांधलेला असतो. कागल तालुक्यातच कागलचा शाहू, बिद्रीचा दूधगंगा-वेदगंगा, हमिदवाड्याचा मंडलिक असे कारखाने आहेत. साखरेचे दाणे मळीपासून वेगळे करणारी सेंट्रिफ्यूगल यंत्रं आज ड्राइव्हवर फिरतात. मिलच्या मोटारींनाही पुष्कळ ठिकाणी ड्राइव्ह आले आहेत. गाळप सुरू असताना, आवारात उसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना ड्राइव्हचं कार्ड गेलं, तर घड्याळ उसाच्या कांड्यातच सुरू झालेलं असतं; तोडलेल्या उसातली साखर तासागणिक कमी होते. जूनमध्ये याच कार्डासाठी तीन कोटेशनं मागवता येतात, डिसेंबरमध्ये पहिल्यालाच हो म्हणावं लागतं. म्हणून शहाणे चीफ इंजिनिअर बंद हंगामातच महत्त्वाची कार्डं घेऊन, एकदा लावून, चालवून बघून ठेवतात.

कागलजवळच्या निपाणीतून एक रस्ता राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाटातून थेट देवगडला उतरतो. तिथे बंदरात हाच प्रश्न खाऱ्या पाण्यात उभा आहे. ट्रॉलरच्या केबिनमध्ये आता तांडेलासमोर, म्हणजे बोट चालवणाऱ्यासमोर, जीपीएस, फिश फायंडर, व्हीएचएफ वायरलेस असे संच असतात. मासळी शोधणारं पहिलं व्यवहारोपयोगी यंत्र जपानच्या फुरुनो बंधूंनी १९४८ साली बाजारात आणलं. तत्त्व सोपं आहे: बोटीच्या तळाला बसवलेला ट्रान्सड्यूसर पाण्यात ध्वनिलहर सोडतो, साधारणपणे ५० किंवा २०० किलोहर्ट्झची. ती मासळीच्या थव्यावर आणि तळावर आपटून परत येते, आणि लागलेल्या वेळावरून खोली कळते. लहर सोडणारी आणि ऐकणारी वस्तू म्हणजे पिझोइलेक्ट्रिक सिरॅमिकची चकती. तिच्यावर विजेचा दाब दिला की ती थरथरते, तिला थरथरवलं की ती वीज देते.

ही चकती महाग नसते. महाग असतो तिला राळेत ओतून, केबलसह एकजीव करून बसवलेला ट्रान्सड्यूसर. केबल मध्ये कुठे तुटली आणि जोड दिला, तर जोडातून खारं पाणी शिरतं आणि सिग्नल मरतो. म्हणून एकदा केबल खराब झाली की पूर्ण ट्रान्सड्यूसर नवा घ्यायचा. तोही बोट पाण्याबाहेर असतानाच नीट बसतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी शाकारून ठेवलेल्या असतात. दोन महिने दमट खाऱ्या हवेत गप्प पडलेला संच ऑगस्टमध्ये चालू करावा तर पडदा काळा. नेमकी त्याच आठवड्यात सगळ्या बंदरांची गरज एकदम जागी होते.

बोटीच्या इलेक्ट्रॉनिक्सची किंमत जगभर चढी असण्यामागे आणखी एक कारण आहे. वेगवेगळ्या कंपन्यांचे संच एकमेकांशी बोलावेत म्हणून अमेरिकेतल्या नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशनने एनएमईए ०१८३ आणि नंतर एनएमईए २००० अशी मानकं केली. भाषा सगळ्यांची एक झाली. तरी काही कंपन्यांनी आपापल्या जोडण्यांचा आकार वेगळा ठेवला. मग दहा इंचांच्या केबलला आणि प्लास्टिकच्या एका जोडणीला चक्रावणारी किंमत पडते, कारण तो आकार दुसरा कुणी विकत नाही. मानक असूनही दार अर्धं बंद ठेवता येतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळेल.

कोकणातल्या बोटींवर ही उपकरणं केवळ मालकाच्या हौसेने आलेली नाहीत. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातले दहशतवादी ‘कुबेर’ नावाच्या पळवलेल्या मासेमारी बोटीतून मुंबईजवळ आले होते. त्यानंतर २० मीटरपेक्षा लांब बोटींवर आपली ओळख आणि जागा प्रसारित करणारी एआयएस यंत्रणा सक्तीची झाली. लहान बोटींसाठी इस्रोने विकसित केलेले, उपग्रहाशी बोलणारे ट्रान्सपाँडर आले. १३ किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत असे एक लाख संच बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाला. खर्च सुमारे ३६० कोटी. वादळाची सूचना आणि संकटाचा संदेश देणारी ही वस्तू देशात घडलेली आहे, ही फार मोठी जमेची बाजू आहे. आराखडा देशातच आहे. तेव्हा हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण अशा बंदरांत संच उघडून दुरुस्त करणारी माणसं तयार करायला परक्या कंपनीची परवानगी लागणार नाही. ती आताच तयार करायला हवीत. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. किनाऱ्यावरच्या आयटीआयच्या प्रात्यक्षिकात या संचाला जागा मिळायला काहीच हरकत नसावी.

समुद्रातली ती पिझो चकती कागल तालुक्याच्या गावांतही पोहोचलेली आहे, मासळीऐवजी दुधासाठी. दूध संस्थेत फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) दाखवणारी अल्ट्रासॉनिक यंत्रं ध्वनिलहर दुधातून पाठवतात आणि तिचा वेग व क्षीण होणं मोजून घटक काढतात. या प्रकारच्या यंत्रांत बल्गेरियातल्या कंपन्यांनी जगभर नाव कमावलं. लॅक्टोस्कॅन आणि इकोमिल्क ही दोन्ही नावं तिकडचीच. सेन्सर गेला तर तोही नव्याने घ्यावा लागतो आणि स्वस्त नसतो. पण इथे भावाला एक लगाम आहे. स्वित्झर्लंडच्या निक्लाउस गर्बर यांनी १८९१ च्या सुमारास शोधलेली पद्धत अजून जिवंत आहे: काचेची ब्युटिरोमीटर नळी, १० मिली सल्फ्युरिक आम्ल, त्यावर पावणेअकरा मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, आणि गरगर फिरवणारं यंत्र. वेळ लागतो, आम्ल सांभाळावं लागतं, पण यंत्र बंद पडलं म्हणून दूध परत पाठवायची वेळ येत नाही. संस्थेला दोन दिवस थांबता येतं, चौकशी करता येते, दुरुस्ती करणारा शोधता येतो. दुसरी वाट शिल्लक असली की सुट्या भागाच्या किमतीला धाक राहतो. सीएनसीला अशी दुसरी वाट नाही आणि त्याची किंमत प्रत्येक बिलात दिसते.

कार्डं का मरतात, हेही बघायला हवं, कारण महागड्या खरेदीतली बरीचशी टाळता येते. फाउंड्रीच्या परिसरात हवेत लोखंडाचा आणि कोळशाचा बारीक भुगा असतो. तो वीज वाहतो. ड्राइव्हचा पंखा तीच हवा पाटीवर ओढतो. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली पॅनेलचं तापमान चढतं, पावसाळ्यात त्याच भुग्यावर दमटपणा बसतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरबद्दल इंजिनिअर एक ठोकताळा मानतात: तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. चाळीस अंशांच्या पॅनेलमध्ये दहा वर्षं टिकणारा कपॅसिटर पन्नास अंशांत पाच वर्षं टिकतो. पॅनेलचं दार उघडं ठेवून समोर टेबलफॅन लावण्याची पद्धत सर्रास दिसते. तापमान त्याने उतरतं, भुगा मात्र दुप्पट आत जातो. फिल्टर धुणं, पॅनेलचा एसी चालू ठेवणं, अर्थिंग तपासणं ही कंटाळवाणी कामं आहेत आणि तीच लाख वाचवतात. बॅटरीचंही तसंच. पुष्कळ जुन्या कंट्रोलमध्ये, म्हणजे सीएनसी चालवणाऱ्या संगणकात, मशीनचे पॅरामीटर एका लहानशा लिथियम बॅटरीच्या आधारावर टिकून असतात. पडद्यावर बॅटरी बदलण्याची सूचना दिवसेंदिवस लुकलुकत असते. दिवाळीच्या सुट्टीत मेन स्विच बंद होतो, बॅटरी दम सोडते, आणि सुट्टीनंतर यंत्र स्वतःचं सगळं विसरून जागं होतं. ही दुरुस्ती कार्डाची नव्हतीच, तरी बिल तसंच येतं.

कोल्हापूर परिसरात घटक-पातळीवर कार्ड दुरुस्त करणारे कारागीर आहेत आणि या सगळ्या गोष्टीत सर्वांत जास्त आदर त्यांच्या वाट्याला यायला हवा. त्यांच्यापुढे आराखडा नसतो. कार्ड आधी अल्ट्रासॉनिक टाकीत धुतलं जातं, मग भिंगाखाली. चांगल्या कार्डाशेजारी बिघडलेलं ठेवून एकेका बिंदूवरचा विजेचा प्रतिसाद ताडून बघायचा. जिथे प्रतिसादाचा वक्र जुळत नाही तिथे गुन्हेगार. कपॅसिटर दिसायला धडधाकट असतो, आतला रोध मोजणारा ईएसआर मीटर लावल्यावर त्याचं वय कळतं. बंद झालेली चिप मिळत नाही तेव्हा भंगारातल्या दुसऱ्या कार्डावरून ती अलगद उचलली जाते. नवी असल्याचं भासवून विकल्या जाणाऱ्या जुन्या, घासून पुन्हा छापलेल्या चिप बाजारात फिरतात, त्या ओळखणं हा अनुभवाचा भाग. काम झालं तर गिऱ्हाइकाचा खर्च नव्या कार्डाच्या तुलनेत फार थोडा. काम न होण्याची शक्यताही असते. चाचणीसाठी तसंच मशीन कारागिराकडे नसलं, तर कार्ड थेट गिऱ्हाइकाच्या मशीनवर लावून बघावं लागतं, आणि त्यात शेजारचं कार्ड जाण्याचा धोका असतो. आराखडा मिळाला तर हा धोका बराच कमी होईल.

आराखडा द्या, भाग द्या, दुरुस्तीची माहिती द्या, ही मागणी आता जगभर कायद्याच्या भाषेत मांडली जाते. अमेरिकेत तिला बळ शेतकऱ्यांनी दिलं. ट्रॅक्टरचा सेन्सर बदलला तरी डीलरच्या लॅपटॉपने मान्य केल्याशिवाय ट्रॅक्टर नीट चालत नाही, या तक्रारीवरून कोलोराडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रांसाठी कायदा केला आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जॉन डिअर कंपनीवर खटला भरला. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्तीची सुलभता सांगणारे गुण छापावे लागतात. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्कासाठीचं पोर्टल सुरू केलं. समितीने चार क्षेत्रं निवडली: शेती-अवजारं, मोबाइल व टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू, मोटारी.

या चार क्षेत्रांत कागलचा शेतकरी येतो, गृहिणी येते, दुचाकीवाला येतो. कारखान्याचं यंत्र येत नाही, मच्छीमाराची बोट येत नाही. कारखानदार हा ‘ग्राहक’ नव्हे, तो व्यवसायासाठी खरेदी करतो, असा कायद्याचा नेहमीचा दृष्टिकोन आहे. पण एका शेडमध्ये दोन मशीन टाकून, कर्ज काढून, स्वतः ऑपरेटरच्या जागी उभा राहणारा उद्योजक आणि परदेशातली कंट्रोल-कंपनी यांना समान ताकदीचे व्यापारी मानणं हे वस्तुस्थितीला धरून नाही. मालक-तांडेल असलेल्या मच्छीमाराबद्दलही तेच. या दोघांना त्या यादीत घ्यायला हवं.

कायदा येईल तेव्हा येईल. मशीन घेताना मात्र खरेदीदाराचा हात वर असतो आणि पैसे दिल्यानंतर तो कायमचा खाली जातो. म्हणून ऑर्डर देण्याआधीच मागून घ्यायच्या गोष्टी आहेत: पॅनेलची पूर्ण वायरिंग-चित्रं, लॅडर प्रोग्रॅम आणि पॅरामीटरची प्रत, महत्त्वाच्या कार्डांचे मॉडेल-नंबर आणि आजचे भाव लिखित स्वरूपात, सुटे भाग किती वर्षं मिळतील याची हमी. सेकंडहँड मशीन घेणाऱ्याने तर कंट्रोलचं मॉडेल अजून दुरुस्तीत आहे की नाही हे किंमत ठरवण्याआधी विचारावं. स्वस्तात मिळालेलं मशीन पुष्कळदा याच कारणासाठी स्वस्त असतं.

आणि एक गोष्ट इथल्या संघटनांना करता येण्यासारखी आहे. गोकुळ शिरगावची गोशिमा, शिरोलीची स्मॅक, कागल-हातकणंगल्याची मॅक या तिन्ही उद्योजक संघटनांच्या सभासदांकडे ठरावीक कंपन्यांचे, ठरावीक मॉडेलचे कंट्रोल वारंवार आढळतात. प्रत्येकाने स्वतंत्रपणे लाखाचं कार्ड कपाटात ठेवणं परवडत नाही, म्हणून कुणीच ठेवत नाही आणि अडचणीत सगळेच सापडतात. तेच ड्राइव्ह असलेल्या वीस शेडना मिळून दोन-तीन कार्डं पुरतात, कारण सगळ्यांची कार्डं एकाच आठवड्यात जळत नाहीत. अशा सामायिक साठ्यासाठी हवं ते एवढंच: सभासदांच्या मशीनची मॉडेलवार यादी, अनामत रक्कम, घेतलेलं कार्ड महिन्यात बदलून देण्याचा नियम, आणि दुरुस्त होऊन आलेलं कार्ड लावून बघण्यासाठी एक जुनं, कामातून काढलेलं मशीन. ते मशीन एखाद्या आयटीआयच्या आवारात ठेवलं तर विद्यार्थ्यांना त्यावर अलार्म वाचायला शिकता येईल आणि दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला गिऱ्हाइकाच्या चालू मशीनवर प्रयोग करावा लागणार नाही.